अंगणातली बैठक: आधी जमीन, मग झोपाळा

बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या बाजूची दहा-बारा फुटांची जागा बसण्याजोगी करायची म्हटली की बोलणे झोपाळा, दिवे आणि खुर्च्यांपासून सुरू होते. आमचा आग्रह वेगळा आहे. नाशिकमध्ये पहिला पैसा फरशीखाली घाला.

इथल्या बऱ्याच प्लॉटमध्ये वर काळी माती आणि खाली मुरूम असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली फरशी पावसात उचलली जाते आणि मे महिन्यात पोकळ वाजू लागते. मग कितीही सांधे भरले तरी उपयोग नाही, कारण हलते ती खालची जमीन.

फरशीखालचे काम

10 × 12 फुटांच्या बैठकीसाठी साधारण एक फूट माती काढतो आणि 9 इंच मुरूम भरतो. तो एकदम ओतायचा नाही. 3 इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस किंवा रोलर, आणि मगच पुढचा थर. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून 90 घनफुटांच्या भरावाला सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मागवावा लागतो. त्यावर 1:3:6 प्रमाणात (सिमेंट, वाळू, खडी) 3 इंच पीसीसी, म्हणजे सळईशिवायचे साधे काँक्रीट. सिमेंटच्या चार गोण्या. या काँक्रीटला सात दिवस पाणी मारल्याशिवाय फरशी बसवत नाही, घाई असली तरी.

उतार घराकडून बाहेर, 8 फुटांना 1 इंच. फरशी जोत्यापेक्षा किमान 6 इंच खाली राहावी, नाहीतर आतल्या भिंतीला ओल धरते. घराची भिंत आणि नवी फरशी यांच्यात अर्धा इंच फट ठेवून सीलंट भरतो. दोन्ही एकजीव केले तर जमिनीची हालचाल भिंतीच्या प्लास्टरवर येते.

दगड शहाबादी किंवा रफ कोटा घ्या. पॉलिश केलेला कोटा जुलैत शेवाळाने निसरडा होतो, आणि काळ्या कडप्प्यावर एप्रिलच्या दुपारी अनवाणी उभे राहता येत नाही.

सावली

दुपारनंतरचे ऊन पश्चिमेचे आणि पावसाची झड नैऋत्येची, म्हणजे त्रास जवळपास एकाच बाजूने. वरच्या छपराइतकाच त्या बाजूचा बांबूचा पडदा किंवा जाळी महत्त्वाची. खांबांचे खड्डे काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यायचे, बहुतेकदा 3 फूट. खांबाची प्लेट फरशीपासून 4 इंच उंच कट्ट्यावर ठेवली की बूड गंजत नाही.

पॉलिकार्बोनेट शीटची यूव्ही थर (अतिनील किरण रोखणारा) असलेली बाजू वर हवी; उलटी बसली तर शीट लवकर पिवळी पडून ठिसूळ होते. 3 मीटरची शीट थंडी-उन्हाच्या फरकाने 7-8 मिमी लांब-आखूड होते, म्हणून स्क्रूची भोके मोठी ठेवून रबरी वॉशर लावतो. पोकळ शीटची टोके टेपने बंद केली नाहीत तर आतल्या नळ्यांत हिरवे शेवाळ धरते. सामासिक अंतरात (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) पक्के छप्पर टाकायचे असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात आधी विचारून घ्या.

मांडवावर द्राक्षाचा वेल हवा, अशी मागणी नाशिकमध्ये येणारच. वेल चढतो, पण एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी आणि डाऊनी-भुरी या बुरशीजन्य रोगांच्या फवारण्या चुकत नाहीत. ज्याखाली मुले खेळतात, जेवण होते, तिथे फवारणी नको. मधुमालती किंवा कृष्णकमळ लावा.

झोपाळा आणि वीज

हलत्या झोपाळ्याचा भार स्थिर वजनापेक्षा बराच जास्त पडतो. सावलीसाठी केलेल्या हलक्या मांडवाला तो टांगत नाही. त्याला वेगळी चौकट किंवा आरसीसी बीम लागतो, आणि झोका जिथवर जातो त्यापुढे व मागे 3-3 फूट मोकळे. पक्का कट्टा 17 इंच उंच, 18 इंच रुंद ठेवला की उशीशिवायही बसवते.

दिव्यांची केबल पीसीसीआधी पाइपातून टाकायची. दिवे आयपी 65 दर्जाचे (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित), आणि बाहेरच्या सर्किटला 30 मिलीअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. यात काटकसर आम्ही मान्य करत नाही.

काम दिवाळीनंतर काढलेले बरे. पावसात ओल्या मातीवर भराव दाबला जात नाही. आम्ही मोजमापाला येण्याआधी ड्रेनेजचे चेंबर, बोअरची पाइपलाइन आणि पाण्याची टाकी कुठे आहे ते कागदावर काढून ठेवा, आणि दुपारी चार वाजता ऊन कुठवर येते तिथे खडूने रेघ मारा.