रंग उडालेल्या कवडीला ओळखायचं कशावरून?

कवडी हातात घेतली की आपलं लक्ष आधी रंगाकडे आणि चकाकीकडे जातं, जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचंही तसंच झालं असावं. त्याने १७५८ मधे झाडून सगळ्या कवड्या सिप्रिया या एकाच जीनसमधे (म्हणजे जवळच्या स्पीशीजच्या, जातींच्या गटात) टाकल्या आणि ठिपकेवालीला नाव दिलं टायग्रिस, म्हणजे वाघ. आता ठिपके वाघाला नसतात बिबट्याला असतात, पण असो.

फॉसिलमधे, म्हणजे जीवाश्मात, गोची अशी की रंग बहुतेक उडालेला असतो. क्वचित यूव्ही लाइटखाली जुनी नक्षी दिसते, नाहीतर नुसता पांढरट शंख, कधी तर शंखही विरघळून गेलेला आणि आतल्या गाळाचा साचाच उरलेला. मग बघायचं काय, तर आकार, खालची बाजू आणि तिथल्या फटीच्या दोन्ही कडांचे दात. बरं नुसत्या साइजवर जाऊन चालत नाही कारण कवडी वयात आली की लांबीत वाढायची थांबते, मग नुसती जाड होत जाते, आणि एकाच स्पीशीजमधे काही मोठ्या तर काही बारक्याच राहतात. पिल्लू तर पातळ ओठाचं (ओठ म्हणजे फटीची कड), दात नाहीत, ते कवडीचं वाटतच नाही.

१९व्या शतकात याचा फार बाऊ नव्हता, थोडक्यात वर्णन, एखादं चित्र, झालं काम. शंखांचा अभ्यासक सोवर्बीने १८५० मधे डॉमिनिकन रिपब्लिकच्या बाजूची एक फॉसिल कवडी अशीच सिप्रिया हेनेकेनी म्हणून मांडली, पाठीवर मागे उंचवटे असलेली. मॅकॉयची १८६७ ची ऑस्ट्रेलियातली गिगास पण सिप्रियातच, आणि ती तर २० सेंमीच्या वर जाणारी!

शिस्त आणली ती शिल्डर नवरा-बायकोने, फ्रांझ आणि मारिया. लांबी, रुंदीचं टक्केवारीत प्रमाण, आणि दातांची संख्या थेट न धरता कवडी २५ मिमीची असती तर किती दात असते असा हिशोब, म्हणजे लहान-मोठ्या कवड्या एकमेकींशी ताडून बघता येतात. मला तर हीच सगळ्यात हुशार आयडिया वाटते. त्यांनी ढीगभर जीनस पाडले तेव्हा हे अती होतंय असं बऱ्याच जणांचं मत होतं, पण २००३ मधे मेयर या संशोधकाने जिवंत कवड्यांचा डीएनए तपासला तर त्यातले बरेचसे गट खरे निघाले. एवढ्या जुन्या फॉसिलमधे डीएनए मिळत नाही, तिथे अजून दातच मोजावे लागतात.

नियमही कडक झालेत, २००० पासून नवीन स्पीशीज मांडायची तर होलोटाइप, म्हणजे नावाला बांधलेला तो एक नमुना (किंवा त्याऐवजी सिनटाइप, म्हणजे अशा नमुन्यांचा संच), स्पष्ट सांगावाच लागतो. जुनी नावं मात्र टिकतात, फक्त जीनस बदलतो. वुडरिंगने १९५७ मधे म्युरासिप्रिया हा नवा गट काढला, त्यात कोलंबिया-व्हेनेझुएलाकडची मस नावाची जिवंत कवडी आली आणि सोवर्बीची फॉसिलही, म्हणून ती आता म्युरासिप्रिया हेनेकेनी (सोवर्बी, १८५०) अशी लिहितात. तो कंस उगाच नाहीये, नाव देणाऱ्याने ती दुसऱ्या जीनसमधे ठेवली होती एवढं तो सांगतो.