मेटासरफेस

प्रकाशाच्या तरंगलांबीहून कमी अंतरावर सूक्ष्म खांब किंवा अँटेना मांडून प्रकाशाची दिशा, कला (तरंगाच्या चढ-उताराचा टप्पा) व ध्रुवण (तरंगाच्या कंपनाची दिशा) हवे तसे बदलणारा अतिपातळ थर. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, म्हणून ही मांडणीही नॅनोमीटरच्या हिशेबात करावी लागते.

चष्म्याच्या भिंगात प्रकाश वळतो तो काचेच्या कमी-अधिक जाडीमुळे. इथे ते काम खांबांचा आकार आणि त्यांची दिशा करते. २०११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फेदेरिको कापासो यांच्या गटाने सिलिकॉनवर व्ही-आकाराचे सोन्याचे अँटेना मांडून अवरक्त प्रकाश प्रकाश किती वळेल हे सांगणाऱ्या नेहमीच्या स्नेलच्या नियमात न बसणाऱ्या कोनात वळवला. सोने दृश्य प्रकाश बराच शोषून घेते. म्हणून याच गटाने २०१६ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या ६०० नॅनोमीटर उंच खांबांचे सपाट भिंग केले.

या खांबांचा छेद लांबट असतो. वर्तुळध्रुवित, म्हणजे कंपनाची दिशा गोल फिरत राहणाऱ्या प्रकाशात खांब जितक्या अंशांनी फिरवावा, त्याच्या दुप्पट कला बदलते. यामागचे तत्त्व बंगळूरचे भौतिकशास्त्रज्ञ एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी मांडले. हे नाव आपल्याकडच्या बारावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायलाच हवे.

गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या आजही दिसतात. हे शिंपले झुआरी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत मिळतात. दुपारी अशा खिडकीशी आतून उभे राहिले, तर प्रत्येक चौकोन दुधी उजळलेला असतो. अंगणातला माड मात्र दिसत नाही. शिंपल्यातल्या कॅल्साइट या खनिजाच्या थरांतून जाताना प्रकाश विखुरतो, त्याच्या कलांचा मेळ बिघडतो आणि प्रतिमा उरत नाही. त्यामुळे ही सुंदर कारागिरी प्रकाश सौम्य करते, पण तिला मेटासरफेस म्हणता येत नाही. मेटासरफेसमध्ये हा मेळ बिंदूगणिक ठरवून साधलेला असतो, म्हणूनच त्यातून प्रतिमा मिळते.

चिप घडवण्याच्या प्रकाशमुद्रण तंत्राने असे थर मोठ्या संख्येने करता येतात. २०२२ पासून अंतर मोजणाऱ्या संवेदकांत ते व्यापारी स्वरूपात आले. तिथे एकाच तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश लागतो, त्यामुळे काम सोपे होते. कॅमेऱ्याचे गणित अवघड आहे: साध्या सपाट भिंगातून तांबडा आणि निळा प्रकाश वेगवेगळ्या अंतरांवर एकवटतो. हा दोष काही प्रमाणात दुरुस्त करणारी भिंगे झाली आहेत, पण भिंगाचा व्यास वाढवला की ही दुरुस्ती टिकवणे फार कठीण जाते.