ऑटोएफएस आणि सिस्टमडीचा ऑटोमाउंट: /होम कोणाच्या हाती द्यायचे?

ज्या लिनक्स यंत्रावर ऑटोएफएसचे पॅकेज कधी बसवलेलेच नाही, तिथे 'फाइंडएमएनटी -टी ऑटोएफएस' ही कमांड देऊन पाहा. बहुतेक वेळा एक ओळ दिसतेच: स्रोत 'सिस्टमडी-१' (सिस्टमडी म्हणजे यंत्रावरच्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम), जागा '/प्रॉक/सिस/एफएस/बिनएफएमटी_मिस्क', प्रकार 'ऑटोएफएस'. मग ज्याने पॅकेज बसवले नव्हते त्याला वाटते की कोणीतरी बसवले असावे. ज्याने बसवले आहे, पण चालू केलेले नाही, त्याला वाटते की ते चालू आहे. नेटवर्कवरची होम डिरेक्टरी आपोआप जोडायच्या कामात निम्मा वेळ याच घोळात जातो, कारण एकाच नावाखाली तीन गोष्टी वावरतात.

पहिली गोष्ट कर्नलमधली. ऑटोएफएस ही मुळात एक फाइल सिस्टम आहे, पण तिच्यात फायली नसतात. ती एखाद्या जागेवर बसून राहते. कोणी त्या जागेत पाऊल टाकले की कर्नल त्या प्रोसेसला तिथेच थांबवतो, एका पाइपमधून कोणातरी प्रोग्रामला 'इथे जोडणी कर' असा निरोप देतो, आणि जोडणी झाली की थांबलेल्या प्रोसेसला पुढे सोडतो. 'एलएस' किंवा 'सीडी' करणाऱ्याला क्षणभर उशीर जाणवतो, एवढेच. कर्नलमधल्या या भागाचे नाव बराच काळ ऑटोएफएस४ असे होते. ४.१८ या आवृत्तीपासून ते नुसते ऑटोएफएस झाले.

आता निरोप घेणारा कोण, यावर बाकीच्या दोन गोष्टी वेगळ्या होतात. ऑटोएफएस पॅकेजमध्ये 'ऑटोमाउंट' नावाचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीवर सतत चालणारा प्रोग्राम, असतो आणि तो निरोप घेतो. सिस्टमडीमध्ये प्रोसेस क्रमांक १ स्वतःच निरोप घेते, आणि त्यासाठी '.ऑटोमाउंट' शेपटीची एक युनिट फाइल, म्हणजे सिस्टमडीला काम सांगणारी फाइल, असते. खालची यंत्रणा दोघांचीही तीच आहे. फरक आहे तो निरोप आल्यावर कोण कुठल्या यादीत पाहतो याचा, आणि होम डिरेक्टरींसाठी तोच फरक निर्णायक ठरतो.

(पुढच्या कमांड आणि ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत आहेत. यंत्रावर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

ऑटोएफएसची यादी दोन पायऱ्यांची असते. हा ढाचा सन मायक्रोसिस्टिम्सच्या युनिक्समधून आला. तिथे १९८८मध्ये सनओएस ४.० बरोबर ऑटोमाउंटर आला होता. सोलारिसवर आजही 'ऑटो_मास्टर' आणि 'ऑटो_होम' ही नावे भेटतात. लिनक्सवर अंडरस्कोरच्या जागी टिंब आले. '/ईटीसी/ऑटो.मास्टर'मध्ये एक ओळ लिहायची:

/होम   /ईटीसी/ऑटो.होम   --टाइमआउट=३००

आणि '/ईटीसी/ऑटो.होम'मध्ये दुसरी:

*   -एफएसटाइप=एनएफएस४,आरडब्ल्यू,हार्ड   भांडार:/एक्सपोर्ट/होम/&

इथे 'भांडार' हे सर्व्हरचे नाव, आणि एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून डिरेक्टरी वापरायला देण्याची पद्धत. सुनीताने लॉगिन केले की '/होम/सुनीता' मागितले जाते, तारकेच्या जागी 'सुनीता' बसते, '&'च्या जागीही तेच बसते, आणि तिचीच तेवढी डिरेक्टरी जोडली जाते. युजर २० असोत की २,०००, ओळ एकच. अशा नकाशाला (म्हणजे यादीच्या फाइलला) इनडायरेक्ट मॅप म्हणतात. डायरेक्ट मॅप वेगळा. त्यासाठी मास्टर फाइलमध्ये जागेऐवजी '/-' लिहायचे आणि नकाशात प्रत्येक जागेचा पूर्ण पाथ द्यायचा.

सिस्टमडीकडे नियम नसतो, दार असते. एक युनिट म्हणजे एक जागा. कर्नलच्या भाषेत तिचा प्रत्येक ऑटोमाउंट डायरेक्ट जातीचाच असतो, त्यामुळे 'या डिरेक्टरीखाली कोणतेही नाव आले तर' असे तिला सांगताच येत नाही. लिहिण्याचा सोपा मार्ग एफएसटॅबमधून, म्हणजे जोडण्यांची यादी असलेल्या '/ईटीसी/एफएसटॅब' फाइलमधून, जातो:

भांडार:/एक्सपोर्ट/होम   /होम   एनएफएस४   आरडब्ल्यू,हार्ड,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=५मिन   ०   ०

ओळ लिहून झाली की 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' आणि मग 'सिस्टमसीटीएल स्टार्ट होम.ऑटोमाउंट'. पहिली कमांड विसरली तर सिस्टमडी जुनीच ओळ धरून बसते आणि 'मी तर बदल केला होता' म्हणत तासभर जातो. एफएसटॅब टाळून युनिट फायली हाताने लिहायच्या असतील तर फाइलचे नाव पाथशी तंतोतंत जुळले पाहिजे: '/एसआरव्ही/डेटा'साठी 'एसआरव्ही-डेटा.माउंट' आणि 'एसआरव्ही-डेटा.ऑटोमाउंट'. पाथमध्येच आडवी रेघ असेल तर ती वेगळ्या चिन्हांनी लिहावी लागते. ते डोक्याने करू नका, 'सिस्टमडी-एस्केप -पी'ला विचारा. आणि एनेबल करायची ती ऑटोमाउंटची युनिट. सोबत माउंटची युनिटही एनेबल केली तर यंत्र सुरू होतानाच जोडणी होते आणि सगळा उद्देशच बाजूला पडतो.

मग /होम कोणाकडे द्यायचे? सगळ्यांच्या होम डिरेक्टरी एकाच सर्व्हरवर, एकाच एक्सपोर्टखाली (सर्व्हरने नेटवर्कवर खुल्या केलेल्या डिरेक्टरीखाली) असतील तर सिस्टमडीची वरची ओळ पुरते आणि वेगळा डीमन सांभाळण्याची गरज नाही. काही होम एका सर्व्हरवर, काही दुसऱ्यावर असतील, किंवा वर्षभरात हलणार असतील, तर ऑटोएफएसला पर्याय नाही. तिथे मॅप एलडॅपमध्ये (युजरची माहिती ठेवणाऱ्या मध्यवर्ती सेवेत) ठेवता येतो, 'एनएसस्विच.कॉन्फ'मध्ये 'ऑटोमाउंट: फाइल्स एसएसएस' लिहून एसएसएसडीमार्फत (ती मध्यवर्ती माहिती यंत्रावर आणणाऱ्या सेवेमार्फत) सगळ्या यंत्रांवर पोचवता येतो, आणि एखाद्या युजरचे होम नव्या सर्व्हरवर गेले की एकाच जागी बदल करून काम भागते. फक्त ज्या यंत्रावर जुनी जोडणी अजून चालू आहे तिथे ती सुटेपर्यंत जुनाच सर्व्हर राहतो. म्हणून हलवाहलव करताना त्या युजरला आधी सगळीकडून लॉगआउट करायला लावा. सिस्टमडीला एलडॅपमधला मॅप वाचता येत नाही. एकाच नोंदीत दोन सर्व्हर देऊन त्यांतला उपलब्ध असेल तो निवडणेही तिला जमत नाही. ऑटोएफएसला ते जमते.

नुकसान कुठवर पसरते हेही पाहावे. अख्खे /होम एकच जोडणी असेल आणि सर्व्हर बसला, तर /होमला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस अडकते. प्रत्येक युजरची जोडणी वेगळी असेल तर बसलेल्या सर्व्हरवरचेच अडकतात. अनेक सर्व्हर असलेल्या ठिकाणी एवढे एक कारणही ऑटोएफएस निवडायला पुरेसे आहे.

एक फसवी जागा मात्र अख्खे /होम जोडणाऱ्यांना नेमकी भेटते. सर्व्हरवर प्रत्येक युजरसाठी वेगळी फाइल सिस्टम असेल, जसे झेडएफएसमध्ये प्रत्येकाचा स्वतंत्र डेटासेट, तर एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीने /होम जोडल्यावर नावे दिसतात, पण आतल्या डिरेक्टरी रिकाम्या. डेटा गेला असे वाटून पोटात गोळा येतो. डेटा सर्व्हरवर जागच्या जागी असतो. एनएफएस४ वापरले आणि आतल्या फाइल सिस्टमही एक्सपोर्ट केल्या, लिनक्स सर्व्हरवर 'क्रॉसएमएनटी' पर्याय दिला, की त्या दिसू लागतात.

ऑटोएफएसकडून येणारी पहिली तक्रार ठरलेली असते: 'एलएस /होम' केले तर काहीच नाही, सगळ्यांचे फोल्डर गेले! गेलेले काही नसते. जे जोडलेले आहे तेवढेच दिसते. 'सीडी /होम/सुनीता' करा, ते उघडेल. 'ब्राउझ_मोड' चालू केला तर नकाशातली नावे आधीच दिसतात, पण तारकेच्या ओळीत नावेच लिहिलेली नसतात, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही. फाइल मॅनेजरमधून /होम चाळण्याची सवय असलेल्या युजरना हे आधीच सांगून ठेवा.

दुसरी तक्रार 'एमकेडीआयआर /होम/नवीन' चालत नाही, अगदी रूट असलो तरी. ती जागा आता ऑटोमाउंट डीमनच्या ताब्यात आहे, तिथे हाताने काही बनवता येत नाही. मॅकओएसवरही /होम असेच ऑटोमाउंटरच्या ताब्यात असते, तिथेही हाच अनुभव येतो. नवीन युजरचे होम सर्व्हरवर, '/एक्सपोर्ट/होम'मध्येच तयार करायचे आणि मालकी तिथेच द्यायची. पहिल्या लॉगिनला होम बनवणारे पॅमचे (लॉगिन हाताळणाऱ्या यंत्रणेचे) मॉड्यूल क्लायंटवर लावून हे होत नाही. सर्व्हरवर 'रूट_स्क्वॉश' (क्लायंटच्या रूटचे अधिकार काढून घेणारा पर्याय) असल्याने क्लायंटचा रूट तिथे कोणीच नसतो.

तिसरी गोष्ट तक्रारीच्या आधीच सांभाळायची. यंत्राच्या डिस्कवर /होममध्ये आधीपासून जे होते ते झाकले जाते, मग ऑटोएफएस असो की सिस्टमडी. स्थानिक प्रशासकाचे होम तिथे असेल तर सर्व्हर बंद असताना दुरुस्तीला लॉगिन करणाऱ्याचेच होम गायब. ते आधी '/लोकलहोम'सारख्या जागी हलवा. ऑटोएफएसमध्ये आणखी एक सोय आहे. तारकेच्या वर त्या एका नावाची ओळ लिहायची, '-एफएसटाइप=बाइंड' आणि ':/लोकलहोम/प्रशासक' अशी (बाइंड म्हणजे तीच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवणे). नावाची ओळ सापडली की तारकेकडे पाहिले जात नाही, मग /होमचा जुना पाथही चालत राहतो.

तारकेचा एक दुष्परिणाम क्वचितच कोणाच्या लक्षात येतो. गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन आपल्या '.गिट'च्या शोधात वरवरच्या डिरेक्टरींमध्ये चढत जाते आणि '/होम/.गिट' आहे का विचारते. तारकेच्या नियमाने '.गिट' हाही एक युजरच. मग सर्व्हरकडे '/एक्सपोर्ट/होम/.गिट' मागितले जाते, तिकडून नकार येतो, आणि लॉगमध्ये अपयशांची रांग लागते. 'गिट_सीलिंग_डिरेक्टरीज' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये '/होम' लिहिले की गिट तिथपर्यंत चढत नाही.

नकाराची आठवण ऑटोएफएस ६० सेकंद ठेवतो. हे माहीत नसल्याने चांगली दुरुस्तीही वाया गेल्यासारखी वाटते: सर्व्हरवर डिरेक्टरी बनवली, लगेच 'सीडी' केले, पुन्हा 'सापडत नाही'. मिनिटभर थांबा, किंवा 'निगेटिव्ह_टाइमआउट' कमी करा. सिस्टमडीची रीत निराळी. १० सेकंदांत ५ वेळा जोडणी फसली की ती युनिटच बंद पडते आणि लॉगमध्ये 'माउंट-स्टार्ट-लिमिट-हिट' दिसते. सर्व्हर परत आला तरी ती आपोआप उठत नाही. 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' करून ऑटोमाउंटची युनिट पुन्हा सुरू करावी लागते.

जोडणी सुटण्याच्या वेळेतही दोघांच्या सवयी उलट आहेत. ऑटोएफएसच्या डीमनची मूळ मुदत ६०० सेकंद, पण पॅकेजसोबत येणाऱ्या फाइलमध्ये बहुधा ३०० लिहिलेले असते. सिस्टमडीत मूळ मुदत ०, म्हणजे एकदा जोडले की कधीच सोडायचे नाही. आयडल-टाइमआउट लिहायला विसरलेले बरेच जण 'ऑटोमाउंट काम करत नाही' म्हणतात ते यामुळे. आणि मुदत दिली तरी कोणाची टर्मिनल खिडकी त्या डिरेक्टरीत उघडी असेल, किंवा एखादा इंडेक्सर तिथे फिरत असेल, तर जोडणी सुटणार नाही. 'अपडेटडीबी'च्या (फायलींची शोधसूची बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगरेशनमध्ये एनएफएस आणि ऑटोएफएस वगळलेले आहेत ना, ते एकदा पाहा. रिकाम्या जोडण्या लगेच सोडायच्या असतील तर ऑटोमाउंट डीमनला 'यूएसआर१' सिग्नल द्या.

बदल लागू होण्याचे नियम: ऑटोएफएसमध्ये इनडायरेक्ट मॅप बदलला तर पुढच्या वापराला तो आपोआप लागू होतो. मास्टर फाइल किंवा डायरेक्ट मॅप बदलला तर 'सिस्टमसीटीएल रीलोड ऑटोएफएस' हवे. आणि मॅपच्या फाइलला चुकूनही एक्झिक्यूट परवानगी देऊ नका. ती असली की ऑटोएफएस त्या फाइलला यादी न समजता प्रोग्राम समजून चालवतो. दुसऱ्या यंत्रावरून फाइल कॉपी करताना ७५५ परवानग्या सोबत आल्या की हे घडते, आणि फाइलमधला मजकूर तर अगदी बरोबर दिसत असतो. ६४४ करा.

काही अडचणींत ऑटोमाउंटरचा दोषच नसतो, पण बोट त्याच्याकडेच दाखवले जाते. रेड हॅटच्या घराण्यातल्या यंत्रांवर एसईलिनक्स (कडक सुरक्षा नियम लावणारी यंत्रणा) चालू असते. तिथे 'सेटसेबूल -पी यूज_एनएफएस_होम_डीआयआरएस १' केल्याशिवाय लॉगिन अर्धवट होते. सर्व्हरवर केर्बेरॉस (तिकिटावर ओळख पटवणारी पद्धत) असेल तर एसएसएचची की घेऊन येणाऱ्याकडे अजून तिकीट नसते, त्यामुळे त्याच्या होममधली 'ऑथराइज्ड_कीज' फाइल वाचताच येत नाही आणि पासवर्ड मागितला जातो. कंटेनरमध्ये ऑटोएफएसची जागा बाइंड करून दिली आणि आत 'टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स' आले, तर लिंक शोधत बसू नका. बाहेर झालेली जोडणी आत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाइंड करताना प्रोपगेशन 'आरस्लेव्ह' द्या. आणि सर्व्हर अडकला की यंत्र अडकते म्हणून 'हार्ड'चे 'सॉफ्ट' करण्याचा मोह होमच्या बाबतीत आवरा. सॉफ्टमध्ये मुदत संपली की प्रोग्रामला चूक परत मिळते, आणि ती न तपासणारे प्रोग्राम अर्धी लिहिलेली फाइल मागे ठेवतात.

कोणाचा ताबा आहे हे कळायला 'फाइंडएमएनटी -टी ऑटोएफएस'चा दुसरा, म्हणजे स्रोताचा, रकाना पुरतो. तिथे 'सिस्टमडी-१' असेल आणि पर्यायांत 'डायरेक्ट' असेल तर सिस्टमडी. '/ईटीसी/ऑटो.होम' असे मॅपचे नाव आणि 'इनडायरेक्ट' असेल तर ऑटोएफएसचा डीमन. एकाच जागेसाठी दोन्ही ओळी दिसल्या तर एकावर एक बसले आहेत, आणि वरचा कोण हे कोण नंतर सुरू झाला त्यावर ठरते. दर रीबूटला वागणे बदलणाऱ्या यंत्रावर आधी हेच तपासावे. सिस्टमडीकडून ऑटोएफएसकडे जाताना सगळ्यांना लॉगआउट करा, 'होम.ऑटोमाउंट' आणि 'होम.माउंट' थांबवा, एफएसटॅबमधली ओळ काढून डीमन-रीलोड करा, फाइंडएमएनटीत /होमची ओळ उरली नाही याची खात्री करा, आणि मगच ऑटोएफएस सुरू करा. त्यानंतर 'ऑटोमाउंट -एम' दिले की वाचलेले सगळे मॅप छापून येतात. त्यात /होम दिसत नसेल तर चूक मास्टर फाइलमध्ये आहे. दिसत असूनही जोडणी होत नसेल तर सेवा थांबवून 'ऑटोमाउंट -एफ -व्ही -डी' एका खिडकीत चालवा आणि दुसऱ्या खिडकीतून '/होम/सुनीता' उघडा. सर्व्हरला नेमकी कोणती विनंती गेली ते पहिल्या खिडकीत दिसते.