पेशवे दफ्तर फक्त सरदारांचं नाही

‘पेशवे दफ्तरात सरदार-जहागीरदारांचेच कागद, आपल्यासारख्यांचं तिथे काय असणार?’ पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांना हे हमखास ऐकवलं जातं. ते खरं नाही. हे दफ्तर म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांचा संग्रह, पुणे पुरालेखागारात ठेवलेला. तिथल्या मोडी रुमालांत, म्हणजे मोडी लिपीतल्या कागदांच्या कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, गावोगावचे महसुली हिशेब आहेत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, कुणबी यांची नावं त्यांत येतात. वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, तंट्यात तर कधी वादीच्या पिढ्याच लिहिलेल्या सापडतात, आणि असा कागद म्हणजे घबाडच! खरी अडचण वेगळी आहे. रुमाल आडनावाने लावलेले नाहीत, नावंही बरेचदा ‘अमका बिन तमका’ (तमक्याचा मुलगा अमका) एवढीच. म्हणून आधी मूळ गाव आणि जुना परगणा पक्का करा. मोडी येत नसेल तर जाणकार गाठा. 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच आहे; तिथलाही संग्रह बघाच.