बिंदू चौकात या!

कोल्हापुरात दोन पुढाऱ्यांची जुंपली की एकाच्या तोंडून ठरलेलं वाक्य बाहेर पडतं, 'हिंमत असंल तर बिंदू चौकात या.' ऐकणाऱ्याला वाटावं कुस्ती आहे. पण आव्हान असतं बोलण्याचं. समोरासमोर, लोकांच्या देखत, काय केलं ते सांगा. बहुतेक वेळा चौकात कुणीच येत नाही, तो भाग वेगळा.

हल्ली हॉल भरतात ते प्रेरणादायी वक्त्यांच्या कार्यक्रमांना. कॉलरला माइक, मागं पडद्यावर चित्रं आणि दर दहा मिनिटांनी टाळ्या. या मंडळींशी माझं वैर नाही. परीक्षेच्या तोंडावर खचलेल्या पोराला दोन धीराचे शब्द हवेच असतात. पण 'तू बदल, जग बदलेल' ही त्यांची शिकवण या गावात तशी नवखी. इथल्या जुन्या वक्त्यांचं भांडण माणसाच्या मनाशी कमी आणि रीतीभातींशी जास्त होतं.

सुरुवातच शब्दांवरून झाली. १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त (वेदांमधले) नव्हे, पुराणोक्त (पुराणांमधले) मंत्र म्हटले जात होते. कारण विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की वेदोक्ताचा अधिकार शूद्रांना नाही. कोणत्या माणसासाठी कोणते शब्द उच्चारायचे, एवढ्यावरून पेटलेला हा वाद संस्थानाच्या बाहेर साऱ्या महाराष्ट्रात पसरला. महाराजांनी त्यावर व्याख्यानं झोडली नाहीत. २६ जुलै १९०२ रोजी, स्वतः विलायतेत असताना, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये त्यांचा हुकूम छापून आला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. आमच्या इतिहासातलं बहुधा सर्वांत मोठं सामाजिक भाष्य ते हेच, आणि त्याला ना व्यासपीठ होतं ना श्रोते.

बोलायची वेळ पुढं आली. ११ जानेवारी १९११ ला कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, भास्करराव जाधव अध्यक्ष झाले. भाषण म्हणजे शहरातल्या शिकलेल्यांचा उद्योग, ही समजूत सत्यशोधकांनी मोडली. त्यांचे जलसे तमाशाच्या अंगानं जायचे. गण, गवळण, सवाल-जवाब ओळखीचे. मजकूर मात्र भिक्षुकशाहीचा, सावकाराच्या पाशाचा, पोरांना शाळेत घालण्याचा. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंत फुल्यांचा विचार पोचला तो असा, ढोलकीच्या तालावर.

मग माणगाव. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव त्या वेळी कागल जहागिरीत होतं. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते भीमराव आंबेडकर, वय २८. जानेवारीतच त्यांचं 'मूकनायक' सुरू झालं होतं, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केलेली. शाहू महाराज या परिषदेला आले ते शिकारीतून मुद्दाम वाट वाकडी करून. खेड्यात ध्वनिक्षेपक यायला अजून बराच अवकाश होता. जे सांगायचं ते घशाच्या जोरावर.

महाराजांनी जमलेल्या लोकांचं अभिनंदन केलं. तुम्ही तुमचा खरा पुढारी शोधून काढला आहे, हा उद्या साऱ्या हिंदुस्थानचा पुढारी होईल, अशा आशयाचं ते बोलले. हे आपल्याकडं शंभरदा सांगितलं जातं. त्याच भाषणात त्यांनी हजेरीची पद्धत आपण का बंद केली तेही समजावून सांगितलं, त्याकडं मात्र कुणी फारसं वळत नाही. ठरावीक जातींच्या माणसांना गुन्हेगार ठरवून रोज चावडीवर हजर व्हायला लावणारी ही पद्धत. माणसानं कामधंद्याला परगावी जायचं कसं? ती महाराजांनी आधीच मोडली होती. महार वतनाची वेठ, म्हणजे गावासाठी पिढीजात राबण्याची सक्ती, १९१८ मध्ये गेली, अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा ठेवायच्या नाहीत हा हुकूम १९१९ चा. म्हणजे माणगावात महाराज बोलायला उभे राहिले तेव्हा आश्वासन देण्यासारखं त्यांच्याकडं फारसं उरलंच नव्हतं, हिशेबच द्यायचा होता. माझ्या मते त्या भाषणाचं वजन शब्दांत कमी, या तारखांच्या क्रमात जास्त आहे.

महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा, असाही ठराव परिषदेनं केला. आज २६ जून सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. सणाचं तेवढं जमलं आहे. मिरवणूक आणि पुष्पहार आम्ही चुकवत नाही.

महाराज १९२२ मध्ये गेले. पुढच्या पिढीत बोलणारा माणूस राजा नव्हता, राजाकडं हक्क मागणारा होता. भाई माधवराव बागल हाडाचे चित्रकार, पण कुंचल्याइतकीच जीभही चालायची. १९३९ मध्ये प्रजा परिषद उभी राहिली आणि संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीची मागणी घेऊन ते गावोगाव फिरले. त्यासाठी तुरुंगातही गेले. ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले तेही बागलांच्याच पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते! सभेची ती जागा तेव्हापासून या दोघांच्या नजरेखाली आहे.

लाल बावट्याचं, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचं, कार्यालयही याच चौकात. गोविंद पानसरे नगर जिल्ह्यातून शिकायला इथं आले आणि इथलेच झाले. वकिली, कामगार संघटना, आंतरजातीय लग्नं करू पाहणाऱ्यांना आधार, असा त्यांचा पसारा. 'शिवाजी कोण होता?' ही त्यांची पुस्तिका मुळात १९८७ मध्ये दिलेलं व्याख्यान. रयतेचा राजा म्हणजे काय, हे बोलीत, आकडे आणि पुरावे देत, आवाज न चढवता. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील मात्र घणाघाती. नव्वदीकडं झुकलेला हा माणूस टोलविरोधी आंदोलनात रस्त्यावर उतरला, पानसरेही सोबत होते. कोल्हापूरकरांनी टोल अखेर रद्द करून घेतला, पण ते पाहायला पानसरे नव्हते.

१६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून परतताना पानसरे आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला कोल्हापुरात माणसं पहाटे जमून चालायला निघू लागली. त्याला नाव पडलं 'निर्भय मॉर्निंग वॉक'.