स्कोअरवर एकच नाव

संगीतकार खोलीत एकटाच बसून लिहितो आणि त्यातून त्याचा ‘स्वतःचा आवाज’ उमटतो, ही समजूत पाश्चात्त्य संगीतात रुजली ती मुख्यतः १९व्या शतकात. तेव्हाही ती पुरती खरी नव्हती. जर्मन संगीतकार ब्राम्सने १८७८ मध्ये व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) लिहिताना व्हायोलिनवादक योआखिमचा सल्ला घेतला. सगळा मानला नाही, हा भाग वेगळा. कडेन्झा, म्हणजे वादकाने एकट्याने वाजवायचा भाग, मात्र योआखिमनेच रचला. त्याच्या वाट्याला अर्पणपत्रिका आली.

१९५६ मध्ये जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेनने पियानोसाठी १९ तुकडे एका मोठ्या कागदावर मांडले आणि क्रम वादकावर सोडला. याचा फार गवगवा झाला, पण क्रम निवडायला मिळणं म्हणजे भागीदारी नव्हे. तुकडे एकाचेच होते.

खरी भागीदारी अनेकदा नावाविनाच चालली होती. इटालियन संगीतकार बेरिओच्या १९६१ मधल्या ‘व्हिसाज’ या रचनेत गायिका कॅथी बर्बेरियन यांचं हसणं, रडणं, अडखळणं ऐकू येतं. मिलानच्या रेडिओ स्टुडिओत बेरिओने टेपवर त्याची जुळणी केली. ती जुळणी त्याचीच, यात शंका नाही. तरी त्या कंठावाचून हाती काय उरलं असतं?

इटलीचेच संगीतकार जाचिंतो शेल्सी यांच्या बाबतीत हाच प्रश्न चव्हाट्यावर आला. शेल्सी ऑन्डिओला या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर उत्स्फूर्त वाजवून टेप करत, आणि ते ऐकून स्कोअर, म्हणजे वादकांसाठीची स्वरलिपी, लिहिण्याचं काम पगारी लेखनिक करत. त्यांतले प्रमुख व्हिएरी तोसात्ती, स्वतः संगीतकार. १९८८ मध्ये शेल्सी गेले आणि पुढच्याच वर्षी तोसात्तींनी ‘शेल्सी म्हणजे मीच’ असा दावा केला. मोठा वाद झाला. माझ्या मते दोन्ही बाजू एकच नाव शोधत होत्या, तिथेच घोटाळा होता. एकाच स्वराच्या पोटात शिरण्याचा ध्यास शेल्सींचा, तो वाद्यवृंदाला वाजवता येईल असा कागदावर उतरवणारा हात तोसात्तींचा.

फ्रेंच संगीतकार एलियान रादिग यांनी तर कागदच बाजूला ठेवला. सिंथेसायझरवर अनेक वर्षं एकटीने काम केल्यावर त्या वादकांकडे वळल्या. २०११ पासूनच्या ‘ऑकाम’ मालिकेत रादिग आणि वादक मिळून पाण्याची एखादी प्रतिमा ठरवत आणि समोरासमोर बसून रचना घडवत. संथपणे सरकणारा तो नाद कुणाचा, हे लगेच ओळखू येतं. पण हार्पवादक ऱ्होद्री डेव्हिस यांच्यासोबत घडलेली पहिली ‘ऑकाम’ दुसऱ्या कुणाला वाजवायची असेल, तर छापील प्रत मिळत नाही. ती गुरुमुखातूनच घ्यावी लागते.