रिमोटचा कोड शिकवताना: डीकोड केलेला आकडा आणि रॉ नोंद

संगणकाला टीव्हीचा रिमोट शिकवला, बटणागणिक एक आकडा पडद्यावर आला, तोच आकडा परत पाठवला आणि टीव्ही चालू झाला. मग त्याच पद्धतीने एसीचा रिमोट समोर धरला, तर पडद्यावर काहीच नाही. अशा वेळी रिसीव्हर (संगणकाला जोडलेला, रिमोटचा अदृश्य इन्फ्रारेड उजेड टिपणारा भाग) गेला असं समजून लोक नवा आणायला मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठतात. बहुतेकदा रिसीव्हर ठणठणीत असतो. गल्लत झालेली असते ती डीकोड केलेला कोड आणि रॉ नोंद या दोन गोष्टींत. दोन्हींना सरसकट ‘कोड’ म्हणतात, पण त्या एक नव्हेत.

रॉ नोंद म्हणजे नुसत्या वेळा: किती मायक्रोसेकंद पल्स (उजेड चालू), मग किती मायक्रोसेकंद स्पेस (उजेड बंद), पुन्हा पल्स. एनईसी या रिमोटच्या एका पद्धतीत आधी ९००० ची पल्स आणि ४५०० ची स्पेस येते. मागोमाग ३२ बिट. प्रत्येक बिटात ५६० ची पल्स असते. तिच्यामागची स्पेस ५६० ची असेल तर शून्य, १६९० ची असेल तर एक. शेवटी आणखी एक पल्स. म्हणजे एका दाबाच्या रॉ नोंदीत वेळांचे एकूण ६७ आकडे. या ६७ वेळांचा अर्थ लावून ‘पद्धत एनईसी, उपकरण अमुक, बटण अमुक’ असा जो छोटा आकडा उरतो, तो डीकोड केलेला कोड.

लिनक्सवर दोन्हींसाठी हत्यारंही वेगळी आहेत. आयआर-कीटेबलची टेस्ट डीकोड केलेला आकडा दाखवते. आयआर-सीटीएल किंवा लर्क या रिमोटच्या सॉफ्टवेअरमधलं मोड२ रॉ वेळा दाखवतं. म्हणून कीटेबल गप्प असेल तर आधी त्यातले सगळे प्रोटोकॉल (एनईसीसारख्या पद्धती) चालू करा, कारण बऱ्याचदा ठरावीकच चालू असतात. तरीही काही आलं नाही तर त्याच रिसीव्हरवर रॉ पाहा. रॉ वेळा येत असतील तर वायरिंग ठीक आहे, फक्त ती भाषा डीकोडरला येत नाही. सोल्डरिंग गन खाली ठेवा.

रॉसुद्धा कोरं असेल तरच हार्डवेअरकडे वळा. पहिला संशय पायांच्या क्रमावर घ्यावा. टीएसओपी१७३८ हा रिसीव्हर समोरून पाहिला तर डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असा क्रम असतो; टीएसओपी३८२३८ मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. ‘१७३८’ मागून दुसराच तीन पायांचा रिसीव्हर हाती येणं अवघड नाही, तेव्हा त्यावरचा नंबर वाचूनच जोडा. शिवाय १७३८ ला ५ व्होल्ट लागतात आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाहीत. रास्पबेरी पायसाठी ३८२३८ च घ्या, तो ३.३ वर नीट चालतो. रिमोटच जिवंत आहे का, हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून एलईडी लुकलुकताना दिसतो का यावरून कळतं.

बटण न दाबताच वेळांचा पाऊस पडत असेल तर तो गोंगाट. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं दुपारचं ऊन आणि सीएफएल हे नेहमीचे दोषी. पडदा ओढून, दिवा मालवून पुन्हा बघा. सप्लायच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि रिसीव्हरच्या पायांजवळ ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की उरलेला त्रास बराच कमी होतो. रिमोट अगदी रिसीव्हरला चिकटवू नका, वीतभर लांब धरा.

आता एसी. टीव्हीच्या रिमोटवर ‘आवाज वाढव’ हे एक बटण आणि त्याचा एक कोड. एसीच्या बहुतेक रिमोटमध्ये ‘तापमान वाढव’ असा कोडच नसतो. प्रत्येक दाबाबरोबर सगळी स्थिती जाते: चालू, कूल, २४ अंश, पंखा मध्यम, झोत वरखाली. त्यामुळे बटणं नोंदवून उपयोग नाही, स्थिती नोंदवाव्या लागतात. रिमोटच्या पडद्यावर २३ आणून वरचा बाण दाबलात की जे निघतं ते ‘२४ वर चालव’. त्या फाइलला तेच नाव द्या. १६ ते ३० हव्या असतील तर एकाच मोडसाठी १५ नोंदी होतील. ११२ बिटांचा संदेश एनईसीसारख्याच बांधणीचा असेल तर वेळांचे २२७ आकडे होतात. १०० जागांच्या बफरमध्ये (नोंद साठवायच्या तात्पुरत्या जागेत) तो अर्धाही मावत नाही. काही रिमोट एकाच दाबात दोन तुकडे पाठवतात. मधल्या विरामापेक्षा रिसीव्हरचा टाइमआउट (किती शांततेनंतर नोंद संपली असं मानायचं ती मुदत) छोटा असेल तर नोंद पहिल्या तुकड्यावरच थांबते आणि एसी ढिम्म हलत नाही. टाइमआउट वाढवा.

टीव्हीसाठी मात्र मी रॉ वापरू नका असंच सांगेन. आरसी-५ या रिमोटच्या दुसऱ्या एका पद्धतीत दर नव्या दाबाला एक टॉगल बिट उलटतो. रॉ नोंदीत तो गोठतो, म्हणून बटण एकदा चालतं आणि दुसऱ्यांदा टीव्हीला वाटतं की जुनंच बटण अजून दाबलेलं आहे. एनईसीमध्ये बटण धरून ठेवलं तर पुढच्या खेपेला फक्त ९००० पल्स, २२५० स्पेस आणि एक छोटी पल्स येते. तेवढंच पकडलंत तर ते एकटं पाठवून काही होत नाही. डीकोड केलेल्या कोडमध्ये या दोन्ही कटकटी पाठवणारं सॉफ्टवेअर सांभाळू शकतं.

रॉ वेळा पाहून आणखी एक घाबरगुंडी उडते: ५६० च्या जागी ६२० ची पल्स आणि ५०० ची स्पेस. हा बिघाड नव्हे. तीन पायांचे हे रिसीव्हर पल्स थोडी ताणतात आणि तेवढीच स्पेस खातात. डीकोडर ते समजून घेतो. रॉ परत पाठवणार असाल तर आकडे हाताने ५६० आणि १६९० वर आणून ठेवा.

रॉ म्हणजे सगळं काही, असंही नाही. पल्सच्या आत एलईडी सेकंदाला हजारो वेळा लुकलुकत असतो: एनईसीत ३८ किलोहर्ट्झ, आरसी-५ मध्ये ३६, सोनीच्या पद्धतीत ४०. रिसीव्हर ते लुकलुकणं गाळून टाकतो, त्यामुळे रॉ फाइलमध्ये वारंवारिता नसते. ४० ची नोंद ३८ वर पाठवली तर उपकरण जवळून ऐकतं, सोफ्यावरून ऐकत नाही. वारंवारिता मोजायची तर गाळणी नसलेला वाइडबँड रिसीव्हर हवा. त्याची नजर आखूड असते, तेव्हा रिमोट वीतभर नको, दोन-तीन बोटांवर धरा.